आपला काँग्रेसमन अजरामर कसा ठेवावा

मंगळवारी ऑफिसमधून धावतपळत येऊन, जेवण बाजूला ठेवून प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीला, मत द्यायला गेलो. शाळेची जिम, टेबलामागे चार आजी-आजोबा, आणि काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) सीटसाठी बॅलटवर नावं किती? एक. खाली राइट-इनची, म्हणजे आपणच नाव लिहायची, रिकामी ओळ. मी एच-वन व्हिसावर आलो तेव्हापासून हेच गृहस्थ! माझं ग्रीन कार्ड झालं, सिटिझनशिप झाली, पोरगी कॉलेजात गेली, डोक्यावरचे केस गेले, हे आपले तिथेच. (आईला फोनवर काँग्रेसमन म्हटलं की ती अजून विचारते, "म्हणजे पंजाचा का रे?")

तर असा चिरंजीव तुम्हालाही लाभावा म्हणून काही टिप्स.

प्रायमरीची तारीख लक्षात ठेवू नका. जूनमध्ये तशीही ग्रॅज्युएशन पार्ट्या आणि इंडियाची तिकिटं असतात. न्यूयॉर्कवाल्यांनी 2018 ला हा नियम मोडला. तिथला काँग्रेसमन जो क्राउली, जवळजवळ वीस वर्षं मुरलेला, 2004 नंतर प्रायमरीत समोर कोणी नव्हतंच, त्यामुळे एका डिबेटला तर साहेबांनी बदली माणूस पाठवला. 28 वर्षांच्या ओकासिओ-कोर्टेझने घरी बसवला. एकूण मतं पडली तीस हजाराच्या आत, सात लाख वस्तीत!

साहेबांचं खरं बोलणं मनावर घेऊ नका. न्यूयॉर्कचेच काँग्रेसमन इलियट एंगल, 1989 पासूनचे, 2020 मध्ये ब्राँक्सला भाषणाची पाळी मागताना माइक चालू आहे हे विसरून बोलून गेले की प्रायमरी नसती तर मला काही पडलं नसतं. त्याच महिन्यात हरले बिचारे.

बॅलट कसा छापायचा हे पक्षाच्या पुढाऱ्यांवर सोडा. आमच्या न्यू जर्सीत कित्येक वर्षं हेच चाललं, काउंटी लाइन म्हणायची त्याला. पुढाऱ्यांनी पसंत केलेले सगळे एका ओळीत, वरपासून खालपर्यंत, आणि जो आगाऊपणा करून विरोधात उभा राहील त्याचं नाव पार कोपऱ्यात, लोक त्या जागेला सैबेरियाच म्हणायचे, म्हणजे वरपक्ष पाटावर आणि तुम्ही मांडवाबाहेर चपलांजवळ जेवा, आणि वर ह्याला लोकशाही म्हणायचं! 2024 मध्ये सिनेटला उभा राहिलेला अँडी किम कोर्टात गेला तेव्हा कुठे फेडरल जजने त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती बंद पाडली. तोपर्यंत कोणाला लाज वाटली नाही. कोणालाच नाही!

टर्म लिमिटचा, म्हणजे एका माणसाने किती वेळा निवडून यावं ह्या मर्यादेचा, विषय निघाला की "मत देता ना, तेच टर्म लिमिट" म्हणून चहा ओता.

आणि तो विषय काँग्रेसवरच सोपवा. राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्म हे ह्यांनी 1947 ला पटकन पास केलं, 1951 ला घटनेत गेलं. स्वतःची वेळ आली तेव्हा? 1995 ला हाउसमध्ये (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) दोन तृतीयांश मतं लागत होती, 227 वर गाडी अडकली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की राज्यांना परस्पर लिमिट घालता येणार नाही. म्हणजे घटनादुरुस्तीच हवी, आणि तिला मत कोण देणार, तर हेच. दुसऱ्याच्या ताटावर झाकण घालायला सगळे पुढे.

लिमिट लावलं तर लॉबीवाल्यांचं फावेल, नवख्याला कामकाज कळेपर्यंत टर्म संपेल, असंही म्हणतात. असेल. पण आत्ता कोणाचं फावतंय?

बास झालं आता. बारामतीत काका की पुतण्या यावर ग्रुपवर दोनदोनशे मेसेज टाकलेत, तिकडच्या मतमोजणीला इकडे रात्रभर जागता, आणि स्वतःच्या डिस्ट्रिक्टचा (इथल्या मतदारसंघाचा) नंबर विचारला तर फोन काढता. अरे तिथे मत नाही तुम्हाला, इथे आहे! नोव्हेंबरला "आय व्होटेड"चा स्टिकर लावून सेल्फी टाकता, सेफ सीटचा, म्हणजे एकाच पक्षाच्या हक्काच्या जागेचा, निकाल जूनमध्येच लागलेला असतो. आणि विरोधात कोणी उभं राहायला निघालं की त्याच्या उमेदवारीच्या अर्जावर सही करायला "नंतर बघू".

काल शेजारचे जोशी विचारत होते, "अरे, ती प्रायमरी कधी आहे?"

झाली, जोशी. मंगळवारी.