विमानतळ झाला, आता मोजणार कोण?

"दादा, स्किपोलच्या शेजारी घर घ्यायचं आणि आम्हाला उलव्याचं पर्यावरण शिकवायचं, हे बरं आहे!" पनवेलचा माझा आतेभाऊ घरच्या ग्रुपवर हे लिहून मोकळा झाला. निमित्त उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं सुरू झाली आणि ग्रुपवर कमळाच्या आकाराच्या टर्मिनलचे फोटो धो धो येऊ लागले. मी एवढंच विचारलं होतं, की रात्रीच्या विमानांचं काय ठरलंय?

टोमणा अर्धा खरा आहे. मी नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाशेजारी होफडॉर्पला राहतो आणि सुट्टीत विमानानेच घरी येतो. 'विमानतळ नकोच' असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर किती भार आहे, हे घिरट्या घालणाऱ्या विमानात बसून अनुभवलंय.

पण इथे राहिल्यामुळे एक गोष्ट रोज दिसते. हा सगळा भाग म्हणजे 1852 मध्ये उपसून कोरडा केलेला तलाव, समुद्रसपाटीच्याही खाली. जमीन ताटासारखी सपाट, आवाजाला आडकाठी नाही. 2003 मध्ये पोल्डरबान ही नवी धावपट्टी सुरू झाली आणि उड्डाणाच्या वेळची खोल घरघर जमिनीलगत पसरत घरांपर्यंत यायला लागली. शरद ऋतूत शेतं नांगरली की ही घरघर कमी होते, हे लोकांच्या लक्षात आलं. मग त्यावरूनच बाउटेनस्खॉट नावाचं उद्यान उभं राहिलं. माणसाहून उंच मातीचे वरंबे, एकामागे एक, आणि मधल्या सऱ्यांमधून पायवाटा. रविवारी मुलं तिथे लपाछपी खेळतात. विमानं डोक्यावरून जातातच, ती काही वरंब्यांनी थांबत नाहीत. जमिनीवरून येणारी घरघर मात्र तुटते.

इथे आवाज अडवायला वरंबे रचतात आणि उलव्याला सुमारे 90 मीटरची टेकडी सुरुंगांनी उडवली. ती धावपट्टीच्या आड येत होती, हेही खरं. नदी वळवली, खारफुटी गेली, दहा गावं उठली. भरावाने जमीन उंच झाली आणि शेजारच्या डुंगी गावात पावसाचं पाणी शिरू लागलं. 2010 मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरी दिली ती अटी घालूनच. आपल्याकडे कागदावर अटी नसतात असं नाही. ध्वनीसाठीही 2018 ची केंद्राची अधिसूचना आहे: गजबजलेल्या विमानतळांच्या परिसरात दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना त्याच वर्षी विमानांच्या आवाजासाठी दिवसरात्र मिळून 45 आणि फक्त रात्री 40 म्हणत होती. सरासरी काढायच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी फरक केवढा आहे बघा.

भाऊ म्हणेल, तुमचे डच साधुसंत आहेत का? अजिबात नाहीत. इथेही नियम होते, ते मोडले जात होते आणि सरकार वर्षानुवर्षं कानाडोळा करत होतं. रहिवाशांची एक संस्था कोर्टात गेली आणि 20 मार्च 2024 ला हेगच्या न्यायालयाने सांगितलं, की सरकार लोकांना या आवाजापासून पुरेसं संरक्षण देत नाही, हे बेकायदा आहे. त्याआधी सरकारने उड्डाणं वर्षाला पाच लाखांवरून 4 लाख 40 हजारांवर आणायची घोषणा केली होती. विमान कंपन्या, अमेरिका, युरोपीय आयोग सगळे तुटून पडले आणि आकडा 4 लाख 78 हजारांवर येऊन थांबला. विमानतळाने तर चक्क शेतं विकत घेतली, तिथला नायट्रोजन प्रदूषणाचा परवाना आपल्या नावावर करायला!

मग फरक कशात? माझ्या गल्लीतली आजीसुद्धा मोजणीचा आकडा दाखवून भांडते. ठिकठिकाणी ध्वनिमापक बसवलेत, नोंदी लोकांसाठी खुल्या आहेत, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं आहे. विमानांच्या वाटेखालच्या ठरावीक पट्ट्यांत नवी घरं बांधण्यावर कडक मर्यादा आहेत. आपल्याकडे विमानतळ शेजारी येतोय म्हटल्यावर फ्लॅटचा भाव चढतो.

पक्ष्यांचंही तसंच. पाणथळींवर माती टाकली की पक्षी नाहीसे होत नाहीत, जागा बदलतात. बीएनएचएस या निसर्ग अभ्यासणाऱ्या संस्थेनेच बजावलंय, की भरतीच्या वेळी टेकायची ठिकाणं गेली तर ते धावपट्टीकडे येतील. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने मेलेले फ्लेमिंगो आठवा. स्किपोलभोवती कापणी झाली की शेतकरी सांडलेलं धान्य लगेच मातीआड करतात, हंस उतरू नयेत म्हणून. (हंसांना गॅसने मारतातही, तो भाग फोटोत येत नाही.) त्या हिशोबाने उरणजवळची पाणजेची पाणथळ राखणं हा विमानतळाच्याच सुरक्षेचा खर्च आहे.

आमच्या ग्रुपवर मात्र वाद झाला तो नावाचा. दि. बा. पाटलांचं नाव लागायलाच हवं, मीही त्याच बाजूचा. पण प्रकल्पग्रस्तांसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव लावायचं, तर विमानतळाभोवतीच्या गावांत आता किती डेसिबल आहेत, हे रोज जाहीर होणं त्याला शोभेल.

आता पाळी पुण्याजवळच्या पुरंदरची, तिथल्या नियोजित विमानतळाची. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी अशी सात गावं. मे 2025 मध्ये तिथे ड्रोन मोजणीला विरोध झाला आणि लाठीमारही. भावाने ग्रुपवर त्या जमिनीच्या मोबदल्याची बातमी टाकली. मी लिहिलं, रात्री किती वाजेपर्यंत विमानं उडणार आणि आवाजाचा नकाशा कुणाकुणाच्या घरावरून जातो, ते जमीन ताब्यात जायच्या आधी लिहून मागा. स्किपोलशेजारच्या रहिवाशांना ते नंतर मागावं लागलं, आणि अजून पुरतं मिळालेलं नाही. त्यावर त्याने विचारलं, "पण मागायचं कुणाकडे?"