मेंदू 'हळू' चालत नाही

'परभाषा ऐकताना मेंदू हळू चालतो' असं एका लेखात म्हटलंय, पण ते अर्धवट आहे. गाडी आधी वर्गवारीत, म्हणजे ऐकलेला आवाज कोणता ध्वनी आहे हे ठरवण्यात अडते. सारख्या आवाजांच्या माळेत मध्येच वेगळा आवाज आला की लक्ष नसतानाही 100 ते 250 मिलिसेकंदांत मेंदूत विद्युत प्रतिसाद उमटतो; फरक मातृभाषेतला असेल तर ठळक, परका असेल तर बहुधा फिका. म्हणून आपल्या मराठी-कोंकणी कानाला इंग्रजीतले 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' अनेकदा सारखेच वाटतात. उलट त-ट मधला फरक इंग्रजी भाषक प्रौढाला पकडणं जड जातं, पण त्याच्याच 6-8 महिन्यांच्या बाळाला तो कळतो! वर्कर आणि टीस या संशोधकांनी 1984 मध्ये हे दाखवलं. वर्षाच्या आसपास ती जाण ओसरते.

पणजीत पोर्तुगीज शिकणाऱ्यांचं दुखणं निराळं: वाचता येतं, ऐकून कळत नाही. लिस्बनवाले आघात नसलेले स्वर गिळतात, 'तेलेफोन'चं 'त्लफोन' होतं, मग शब्द कुठे सुटला तेच सापडत नाही. आवाज वाढवून उपयोग नाही. एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या चार-पाच जणांच्या आवाजात ऐका, प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर-चूक तपासा. एकाच शिक्षिकेचं ऐकत राहिलात तर फक्त तिचंच कळेल. आणि पंखा बंद करा, गोंगाटात आधी परभाषाच ढासळते.