कंपनी वाढतेय हो, पण शेअर कितीला घ्यायचा ते सांगा ना!

पंधरा दिवस झाले, डोकं नुसतं भणभणतंय. एफडीची मुदत संपली, तीन लाख रुपये बचत खात्यात आले. तेव्हापासून घरात, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर जो तो एकच सांगतोय: त्या घरपोच सामान देणाऱ्या कंपनीचा शेअर घे. नाव लिहीत नाही, तशा चार-पाच आहेत आणि सगळ्यांबद्दल हेच चाललेलं असतं.

धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, विक्री दर वर्षी कुठल्या कुठे चाललीय!" चाललीय ना. मला काय दिसत नाही? आमच्या गेटवर संध्याकाळी त्यांच्या पोरांची रांग लागते. पण मी विचारते काय आणि हे सांगतात काय! कंपनी वाढतेय का, हा माझा प्रश्नच नाही. आज जो भाव चाललाय त्या भावाला घेतला तर माझ्या हातात काय पडणार, हा प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायला एक माणूस तयार नाही. एकसुद्धा!

शेवटी रविवारी रात्री मीच बसले. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीनं मांडलं. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले. समजा, बाजारानं कंपनीची किंमत ७०,००० कोटी लावलीय आणि वर्षाचा नफा ३५० कोटी. म्हणजे नफ्याच्या २०० पट. आता धरा की नफा दर वर्षी ३० टक्क्यांनी वाढला, तोही सलग दहा वर्षं, एकदाही न अडखळता. तरी तो होतो ४,८०० कोटींच्या आसपास. तोवर कंपनी मोठी झालेली असणार, वेग मंदावलेला असणार, तेव्हा बाजारानं नफ्याच्या २५ पट भाव दिला तर किंमत येते १ लाख २० हजार कोटी. दहा वर्षांत पैसे पावणेदोन पटसुद्धा नाहीत. वर्षाला साडेपाच टक्के! अहो, माझ्या एफडीनं याहून जास्त दिलं होतं, आणि रात्री झोपही लागत होती.

हे दिराला दाखवलं. तो म्हणाला, "असा हिशेब करत बसलीस तर कधीच श्रीमंत होणार नाहीस." मग काय करू? डोळे मिटून तीन लाख देऊ? ते मी पगारातून महिन्याला चार-चार हजार बाजूला काढून साठवलेत.

आणि मग ते इन्फोसिस! प्रत्येकाच्या तोंडी इन्फोसिस. १९९३ साली ९५ रुपयांना मिळत होता, इश्यू, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, पुरता भरलासुद्धा नव्हता, ज्यांनी घेतला त्यांचं सोनं झालं. खरं आहे. पण तोच शेअर मार्च २००० मध्ये शिखरावर असताना ज्यांनी घेतला त्यांचं काय झालं, हे का नाही सांगत? पुढच्या एका आर्थिक वर्षात कंपनीची विक्री जवळपास २० कोटी डॉलरवरून ४१ कोटींवर गेली. दुप्पट! आणि शेअर? २००१ च्या सप्टेंबरपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पडलेला. कंपनी तीच, माणसं तीच, काम जोरात. फक्त घेणाऱ्यानं भाव जास्त मोजला होता.

झोमॅटोचंही तेच. ७६ रुपयांचा इश्यू, जुलै २०२१ मध्ये शंभराच्या वर उघडला, वर्षभरात जुन्या भागधारकांवरचा विक्रीचा निर्बंध उठला आणि चाळिशीत आला. २०२४ च्या डिसेंबरात तीनशेला टेकला. आता सगळे म्हणतात, "बघ, धरून ठेवायला हवा होता." चाळिशीत असताना यातला कोण बोलत होता? आणि पेटीएम २,१५० रुपयांना आला, पहिल्याच दिवशी १,५६४ वर बंद झाला. त्याच्याही आधी हेच ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत.

सगळ्यात चीड येते ती त्या ‘ॲडजस्टेड एबिट्डा’ची, म्हणजे काही खर्च वगळून दाखवलेल्या नफ्याची. व्याज बाजूला, घसारा बाजूला, कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरचा खर्चही बाजूला, आणि वर ‘आम्ही फायद्यात आलो’. कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर म्हणजे माझ्याच हिश्श्यातला तुकडा ना? माझ्या पानावरच्या हिशेबात तर ते धरलेलेच नाहीत. धरले तर साडेपाचही राहत नाहीत.

मी शेअरबाजाराला घाबरत नाही. दोन एसआयपी सात वर्षं चालू आहेत, २०२० च्या मार्चमध्ये सगळं कोसळलं तेव्हाही बंद केल्या नाहीत. त्यामुळे मला कुणी भित्री म्हणायचं नाही. या कंपनीचाही शेअर घेईन, पण भाव निम्म्यावर आला तर आणि नफा खरा दिसला तर.

काल जेवताना दिरानं पुन्हा विषय काढला. मी ते पान ताटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "यातला कुठला आकडा चुकलाय तेवढं दाखव, उद्या सकाळी पैसे लावते." त्यानं पान उचललंसुद्धा नाही.