बॅनिस्टरचा मैल आणि आपलं सब-फोर

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की रनिंग ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतं. मजकूर साधारण असा: चार मिनिटांच्या आत मैल धावलात तर हृदय फुटेल, असं डॉक्टर सांगायचे. सगळं जग ते अशक्य मानत होतं. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने ते करून दाखवलं आणि वर्षभरात डझनावारी धावपटूंनी (आकडा फॉरवर्डागणिक फुगतो) त्याची री ओढली. भिंत फक्त मनात होती, तेव्हा स्वतःवर विश्वास ठेवा, ध्येय मोठं ठेवा!

डॉक्टरांचं पटकन उरकतो. बॅनिस्टर स्वतःच वैद्यकीय विद्यार्थी होता आणि धावताना शरीरात काय होतं यावर प्रयोग करत होता. हृदय फुटायची भीती त्याला असती तर तो या भानगडीत पडलाच नसता.

‘जग अशक्य मानत होतं’ हेही फारसं टिकत नाही. १९४२ ते १९४५ या काळात गुंडर हॅग आणि आर्ने अँडरसन या दोन स्वीडिश धावपटूंनी आपसातल्या चुरशीत मैलाचा विक्रम ४:०१.४ (४ मिनिटं १.४ सेकंद) वर आणून ठेवला होता. दीड सेकंदच उरला होता. मग नऊ वर्षं गाडी का अडली? हौशी खेळाडू असून पैसे घेतल्याच्या आरोपावरून दोघांवर बंदी आली आणि बाकीचा युरोप युद्धातून सावरत होता. यात मनाची भिंत कुठे आली?

आता ‘वर्षभरात डझनावारी’. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडवर बॅनिस्टरने ३:५९.४ नोंदवले. त्यानंतरच्या वर्षभरात चार मिनिटांच्या आत आलेला दुसरा धावपटू एकच, ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. पुढचे तिघे आले ते २८ मे १९५५ ला लंडनमध्ये, तेही एकाच शर्यतीत. बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांतच लँडीने ते केलं, हे फॉरवर्डवाले मोठ्या कौतुकाने सांगतात. पण लँडी आधीपासूनच ४:०२ च्या आसपास धावत होता, तेही मायदेशी बहुधा एकट्याने, कुणी मागे लागलेलं नसताना. फिनलंडमधल्या तुर्कूला त्याला चांगला ट्रॅक मिळाला आणि पाठीवर ख्रिस चॅटवे होता. हाच चॅटवे ऑक्सफर्डला बॅनिस्टरचा पेसर (वेग राखून देण्यासाठी पुढे धावणारा) होता.

राहिला ‘विश्वास’. बॅनिस्टरचा सराव बघा: ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. फेरीचा वेळ महिनोन्‌महिने खाली आणत तो ६१ सेकंदांवर येऊन अडला. तेव्हा गडी काही दिवस स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, परतला आणि ५९ मध्ये फेऱ्या मारू लागला. चार फेऱ्यांचा मैल ५९ ने धावला तर किती होतात, हे त्याला पाठ होतं. एवढं करूनही शर्यतीच्या दिवशी तो चर्चवरच्या झेंड्याकडे बघत होता, वारा पडतो का म्हणून. वारा पडला नसता तर त्याने त्या दिवशी प्रयत्न केलाच नसता.

मोठ्या ध्येयाला माझा विरोध नाही, पण ते टप्प्याटप्प्याने गाठलं जातं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेने २०१८ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचा) ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, ८:२९.८० मध्ये. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये तो ८:११.२० वर आला, २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१ वर. सहा वर्षांत वीस सेकंद, आणि मधल्या काळात त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला.

‘अहो, प्रेरणेसाठी असतं, कशाला चिरफाड करता?’ असं कुणी तरी म्हणतंच. चिरफाड अशासाठी की ते वाचून साडेचार तासांचा, म्हणजे किलोमीटरला ६:२४ चा धावपटू थेट ५:४१ च्या पेसने सुटतो, कारण सब-फोर, म्हणजे चार तासांच्या आत मॅरेथॉन, मनात आहे. परतीला पेडर रोडच्या चढावर ऊन तापलेलं असतं, पोटऱ्यांत गोळे आलेले असतात आणि भाऊ कठड्याला धरून चालत असतात. तिथे त्याला ‘भिंत मनातच आहे’ म्हणून सांगायला फॉरवर्ड पाठवणाऱ्यांपैकी कुणीही उभं नसतं.