‘अँब्रोझिया’ अमृतातून आलेलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर जोरात फिरतोय: ‘अ‍ॅनार्की’, ‘अ‍ॅनिमिया’, ‘अ‍ॅटम’ यांतला नकारार्थी ‘अ/अन्’ हा संस्कृत उपसर्ग सिकंदराच्या स्वारीनंतर ग्रीकांनी उचलला, पुरावा म्हणून अमृत आणि ‘अँब्रोझिया’ (ग्रीक देवांचं अमर करणारं अन्न) यांची जोडी. वर हेही, की युरोपीय शब्दाच्या आरंभी ‘अ’ दिसला की तो नकारच. यातलं साम्य तेवढं खरं.

सिकंदर पंजाबात पोचला इ.स.पू. 326 मध्ये. क्रीटमधल्या क्नॉसॉसच्या मातीच्या पाट्या त्याच्या निदान आठशे वर्षं आधीच्या. त्यांत रथांच्या सांगाड्यांपुढे ‘अ-ना-मो-तो’ अशी नोंद सापडते, म्हणजे ‘न जोडलेले’. कोठारातल्या कारकुनाच्या हिशेबातही हा ‘अन्’ तेव्हाच रुळला होता.

अमृताची जोडी मात्र सुंदर आहे. ग्रीक ‘अँब्रोटोस’ म्हणजे अमर. त्यातला ‘ब’ कुठून आला? ‘म्’साठी मिटलेले ओठ ‘र’कडे जाताना उघडतात, तेव्हा मध्ये ‘ब’ उमटतो. आम्राचा आंबा आणि ताम्राचं तांबं झालं ते याच वाटेने. पण लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा ‘इम्मोर्तालिस’ आहे आणि तिथला उपसर्ग ‘इन्’. जर्मनमध्ये ‘उन्’, इंग्रजीत ‘अनहॅपी’तला ‘अन’. या सगळ्या भाषा ज्या एका प्राचीन भाषेतून फुटल्या, त्या मूळ भाषेत नुसता, स्वरासारखा उच्चारला जाणारा ‘न्’ होता. संस्कृत आणि ग्रीकमध्ये त्याचा व्यंजनापूर्वी ‘अ’ झाला, स्वरापूर्वी ‘अन्’ (अज्ञान, पण अनादर). लॅटिन आणि जर्मन शाखांनी आपापला स्वर लावला. ही भावंडं आहेत. आई-लेकरांचं नातं लावू नये.

‘प्रत्येक अ नकारार्थी’ हे तर सपशेल चूक. इंग्रजी ‘अस्लीप’मधला ‘अ’ जुन्या ‘ऑन’चा झिजलेला तुकडा. ‘अ‍ॅनॅटमी’त ‘अना’ आहे, ‘अन्’ नव्हे. स्वरापूर्वी ‘अन्’ दिसला की नकार, हा नियम बहुतेकदा चालतो, पण ‘अ‍ॅनोड’ या विद्युत-अग्रापाशी फसतो: तोही ‘अना’ म्हणजे वर, अधिक ‘होडोस’ म्हणजे वाट. ‘बिनवाटेचा’ असा अर्थ काढलात तर विद्युतप्रवाहच बंद पडेल! आणि ग्रीक ‘अडेल्फोस’, म्हणजे भाऊ? ‘डेल्फुस’ म्हणजे गर्भाशय. इथला ‘अ’ आपल्या ‘स’चा (‘सह’, ‘एकाच’ अशा अर्थाचा) सखा. संस्कृतात भावाला ‘सगर्भ्य’ म्हणतात ते अगदी याच घडणीने. फिलाडेल्फिया या नावात तोच भाऊ बसलेला आहे.