रात्री फ्रिज बंद ठेवण्याबाबत खुलासा

रात्री आठ तास फ्रिज बंद ठेवल्यास वीजबिल निम्मे होते, हा संदेश गेल्या आठवड्यात मीच नातेवाइकांच्या गटावर टाकला होता आणि तो आता जळगाव-भुसावळभर फिरत आहे. तो चुकीचा आहे. आमच्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला 200 युनिट लिहिले आहेत, म्हणजे महिन्याला जेमतेम 17, आणि बिल आले 160 युनिटांचे. मग ते निम्मे होणार कसे? शिवाय आत पुरेसा थंडावा झाला की कॉम्प्रेसर स्वतःच थांबतो आणि बंद ठेवलेला फ्रिज सकाळी पुन्हा थंड होताना वाचलेली बरीच वीज खर्च होतेच. ऐन उन्हाळ्यात आमचे दूध फाटले, वांग्याचे भरीत आंबले, तो तोटा वेगळाच. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.