सोसायटीच्या झिपमधला पी. के.

"अरे, मग तू केलंस काय?"

आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांनी हे मला अख्ख्या कमिटीसमोर विचारलं. वडापाव खाता खाता. उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही, म्हणून ते इथे देतो.

ऑडिटरला वर्षभराची बिलं, व्हाउचरं आणि मेंटेनन्सच्या पावत्या विंगवार झिप करून, म्हणजे सगळ्या फायली एकाच फायलीत दाबून बसवून, हव्या होत्या. सोसायटीत कंप्युटरवाला मी एकटा. म्हणजे आणखीही आहेत, पण ते मीटिंगला न येण्याइतके हुशार आहेत. फायली एकेक करून निवडत बसायचा मला कंटाळा, म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. झिप करायची लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, पायथॉनबरोबरच येते. तिची एकच खोड: 'डिफ्लेट कर', म्हणजे दाबून लहान कर, असं स्पष्ट सांगितलं नाही तर ती काहीही दाबत नाही, फायली नुसत्या एकामागे एक मांडून ठेवते. मी सांगितलं होतं. मीटिंगमध्ये हे वाक्य मला पुरं करू दिलं गेलं नाही.

"आधी 212 एमबी, आता 209," चष्मा कपाळावर चढवत काका म्हणाले. "तीन एमबीसाठी रविवार घालवलास?"

आता यात माझा काय दोष? पावत्या म्हणजे फोनवर काढलेले फोटो, जेपीईजी. डिफ्लेट दोन युक्त्या करतं. एकच मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता 'मागे बघा' अशी खूण ठेवायची, ही लेम्पेल आणि झिव्ह यांची, 1977 ची. जे चिन्ह जास्त वेळा येतं त्याला आखूड संकेत द्यायचा, ही हफमनची, 1952 ची. जेपीईजीमध्ये हफमन आधीच वापरून झालेला असतो. पिळायला उरतंच काय?

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. "आषाढीला एकेका गाडीत दुप्पट माणसं बसवून पंढरपूरला धाडली आहेत मी," ते म्हणाले. "जागा नाही, हे मला सांगू नकोस. अजून एकदा झिप कर."

झिपची झिप. केली, त्यांच्यासमोर केली. आकडा जागचा हलला नाही. काकांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

त्याच रात्री साडेदहाला फोन आला. "वर ये."

सोसायटीच्या ऑफिसातला कंप्युटर त्यांनी घरी आणला होता. झिपवर टिचकी मारल्यावर त्याने 'कशात उघडू?' असं विचारलं आणि काकांनी नोटपॅड निवडलं होतं. पडद्यावर चौकोन, उपटसुंभ चिन्हं, आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत, दोन स्वच्छ इंग्रजी अक्षरं.

"हा पी. के. कोण?"

मी सांगितलं. फिल कॅट्झ नावाचा अमेरिकन प्रोग्रामर. 1989 साली त्याने पीकेझिप आणलं, झिपची रचना सगळ्यांना वापरायला खुली केली, आणि त्याची आद्याक्षरं आजही प्रत्येक झिपच्या सुरुवातीला असतात. बिचारा 2000 साली गेला, अवघ्या 37 व्या वर्षी.

"अमेरिकन," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि बी विंगमधले पी. के.?"

बी विंगमध्ये एक पी. के. आहेत. तीन वर्षांचा मेंटेनन्स थकलेला, गाडी कायम काकांच्या गाडीला आडवी.

"त्यांचा काही संबंध नाही, काका."

"ए विंगच्या फाइलमध्ये पहिलं नाव त्याचं. मी खालपर्यंत बघितलं. दर पावतीच्या आधी पी. के. सगळ्या पावत्या संपल्या की शेवटी त्यांची यादी, त्या यादीतही दर नावाआधी पी. के. ज्याने तीन वर्षांत एक पावती फाडली नाही, तो सगळ्यांच्या पावत्यांवर?"

निरीक्षण बिनचूक होतं. झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी एक छोटा मथळा असतो आणि सूची शेवटी असते. प्रोग्रामने झिप नीट बंद केली नाही तर ही सूची लिहिलीच जात नाही आणि फाइल उघडत नाही. पगार घेणाऱ्या इंजिनिअरांनाही हे पहिल्यांदा रडल्यावर कळतं. काकांनी ते नोटपॅडमध्ये, डोळे बारीक करून शोधलं होतं. कौतुक करावं असं मला वाटत होतं, पण साडेदहा वाजले होते.

"काका, वर्डच्या नव्या फायलीसुद्धा आतून झिपच असतात. एक्सेलच्याही. त्यांच्याही सुरुवातीला पी. के.च."

त्यांना धीर यावा म्हणून मी हे बोललो होतो.

"म्हणजे आपल्या नोटिसा?"

"हो."

"थकबाकीच्या? त्यालाच पाठवलेल्या?"

"वर्डमध्ये टाइप केल्या असतील तर, हो."

काका खुर्चीत बसले. "कुठवर शिरलाय हा माणूस!"

"सोडा त्याला, सकाळी ऑफिस असेल त्याचं," काकू आतून म्हणाल्या. या सबंध प्रकरणात माझ्या बाजूने बोललेलं वाक्य एवढंच.

काका सोडणार कसले? त्यांना रंगकामाच्या बिलाची तारीख सापडली: 1 जानेवारी 1980. त्याचं असं झालं होतं की काही फोटो कुठल्याशा फोनमधून तारीख पुसून आले होते, म्हणजे कंप्युटरच्या घड्याळाचा शून्य क्षण, आपल्या वेळेने 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच. झिपमधल्या तारखा एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीच्या पद्धतीने लिहितात आणि ते कॅलेंडर 1980 ला सुरू होतं. त्याआधीची तारीख दिली की पायथॉन सरळ नकार देतो. मुभा दिली तर तो 1980 चा पहिला दिवस टाकून मोकळा होतो. मी मुभा दिली होती.

"1980 साली इथे ज्वारी होती," काका म्हणाले. "रंग कशाला दिला, कणसांना? हे मला लेखी दे."

दिलं. लेटरहेडवर, सही करून.

आता खरं सांगतो, मला राग याचा नाही. लिफ्टवाला येतो, दार उघडून परत लावतो, बिल ठेवतो, चेक तयार. पंपाचा माणूस नुसता 'बघतो' म्हणून गेला तरी त्याचा चहा आणि व्हिजिट चार्ज. मी रविवार घातला तर म्हणे घरचंच काम. वर सेक्रेटरी मिटक्या मारत सांगतात की त्यांची मुलगी हे राइट क्लिक करून करते. करू द्या ना मग! ऑडिटरची तारीख दर वर्षी येते, तिलाच बसवा.

शेवटी काकांची अट आली: पासवर्ड घाल, पी. के.ला काही दिसता कामा नये. पायथॉनची ही लायब्ररी पासवर्डवाली झिप उघडू शकते, बनवू शकत नाही. म्हणून दुसरी लायब्ररी आणली, एईएस नावाच्या सांकेतिक पद्धतीने पक्कं कुलूप घातलं, पासवर्ड काकांच्या वहीत उतरवला. ती झिप ऑडिटरच्या विंडोजमध्ये डबल क्लिक करून उघडेना. एईएसची झिप विंडोजच्या साध्या फोल्डरखिडकीत उघडत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, असं मी फोनवर समजावत असतानाच पलीकडून आवाज आला, "जाऊ दे हो, प्रिंट काढून आणा."

काढल्या. गठ्ठा उचलून त्यांच्या ऑफिसात नेला. तिथे लिफ्ट नाही.

आज सकाळी काका जिन्यात भेटले. "प्रिंटचं बिल घेतलंस ना? फोटो काढ आणि त्याच झिपमध्ये टाक. मागाहून टाकता येतं ना?"

येतं. शेवटच्या सूचीच्या जागी नवी फाइल लिहायची आणि तिच्यामागे सूची पुन्हा लिहायची. लायब्ररीत एका अक्षराचं काम आहे.

"नाही येत, काका," मी म्हणालो.